वॅगटेलचे पाते

सहाव्या फेऱ्यालाच तार ढिली पडली.

आल्बीने चरखीचा दांडा जिथल्या तिथे थांबवला आणि खटका बसवला. मग तो एका गुडघ्यावर टेकून होडीच्या पोटाशी कान लावून बसला. पाते पूर्ण खाली सोडायला चरखीचे चोवीस फेरे लागत. पहिल्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत तार ताठ राहायची, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला सव्वादोनशे किलो लोखंड लोंबत असायचे. आज सहा फेरे सोडले आणि तार कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मध्येच झोळ खाऊन बसली. म्हणजे चरखीने तार सोडली होती, पण पाते तेवढे खाली गेले नव्हते.

"काय झालं?" धक्क्यावर घडीच्या खुर्चीत बसलेल्या नोएलाने विचारले.

"काही नाही."

"या होडीवर अडतीस वर्षं ऐकतेय तुझं हे काही नाही. इंजिनातून धूर निघत होता तेव्हाही काही नव्हतं."

आल्बी होडीच्या पोटातून बाहेर आला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस बाहेर येतो तसा, आधी टोपी, मग दोन हात, मग बाकीचा.

"पातं अडकलंय," तो म्हणाला.

नोएलाने हातातले विणकाम मांडीवर ठेवले. एवढ्यात तिला सगळे कळले होते.

वॅगटेल ही बावीस फुटांची, शिडांच्या एका जोडीवर चालणारी जुनी होडी. तिच्या पोटाखाली एक लांबट खोबण आहे आणि त्या खोबणीत बिडाचे एक जाड पाते, खिशातल्या घडीच्या चाकूचे असते तसे, पुढच्या टोकाला एका बोल्टवर अडकवलेले. खोल पाण्यात ते खाली सोडायचे. मग वारा शिडाला कितीही रेटो, पात्याचे वजन होडीला उलटू देत नाही. उथळ पाण्यात ते चरखीने वर घ्यायचे. मग होडी गुडघाभर पाण्यावरूनही बदकासारखी निघून जाते. गिप्सलँडच्या या सरोवरांत दर मैलाला एक वाळूचा दांडा पाण्याखाली लपलेला. इथे असल्या होडीइतकी सोयीची होडी दुसरी नाही. पण पाते खालीही जायला हवे आणि वरही यायला हवे. मध्येच अडकले तर ना धड खोल पाण्याची, ना उथळ.

आणि यंदा शनिवारी त्यांना जायचे होते हंसांच्या आखातात.

सरोवराच्या पलीकडे, समुद्राला आडव्या पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांना लागून, एक लहानसे आखात आहे. तोंडाशी वाळूचा दांडा, त्यावर जेमतेम मांडीइतके पाणी. आत काळे हंस शेकड्यांनी असतात. दरवर्षी ईस्टरच्या शनिवारी आल्बी आणि नोएला तिथे जात. पाते वर घ्यायचे, दांड्यावरून घसरत आत शिरायचे, होडीचे नाक वाळूत टेकवायचे, आणि नोएलाने नाकावरून उतरून कोरड्या वाळूत पाय ठेवायचा. एवढेच. मग चहा, स्कोनचे छोटे गोडसर पाव, आणि परत.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सामानाची गाडी येणार होती. नोएलाच्या हृदयाचा आता डॉक्टरांना भरवसा वाटत नव्हता; मोठे इस्पितळ इथून दोन तासांवर. म्हणून मुलीने, जनीनने, बॅलरटला आपल्या घराजवळ दोन खोल्या बघितल्या होत्या. तिथे जिना नव्हता. तिथून सरोवरही दिसत नव्हते. नोएलाने पियानो दिला, शिवणाचे यंत्र दिले, परसातली लिंबाची झाडे शेजारणीच्या ताब्यात दिली, आणि तोंडातून ब्र काढला नाही. मागितले ते एकच.

"शनिवारी एकदा तिकडे जाऊन येऊ," ती म्हणाली होती. "मग तुम्ही म्हणाल तिथं चला."

*

दुसरा कुणी असता तर त्याने वरून काठी घालून पात्याला ठोकले असते. या सरोवरांवर दर उन्हाळ्यात कुणीतरी ठोकतोच. मग पाते एकदम सुटते, ढिली तार एका झटक्यात ताठ होते आणि तुटते, आणि सव्वादोनशे किलो बीड खोबणीची कड फोडून जाते. आल्बीने छत्तीस वर्षे दुधाचा टँकर चालवला होता. गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करायचे आणि कारखान्यात नेऊन ओतायचे. त्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका ढिल्या साखळीवर विश्वास ठेवून त्याने डाव्या करंगळीचे अर्धे पेर गमावले होते. तेव्हापासून तो एक गोष्ट पक्की शिकला होता. साखळी ढिली म्हणजे वजन गेलेले नसते. ते दुसरीकडे कुठेतरी दम धरून बसलेले असते.

त्याने ढिला पडलेला झोळ हळूहळू परत गुंडाळला. तार ताठ झाली. दांडा बांधून टाकला आणि टेसला फोन लावला.

टेस ड्रमंडचे होड्या दुरुस्त करायचे यार्ड गावाच्या टोकाला, खाडीवर. तिचा बाप गेल्यावर ते तिच्याकडे आले. पन्नाशीची बाई, खांद्याने भक्कम, आणि बोलताना समोरच्याचे वय बघण्याची सवय तिला नाही. मंगळवारी सकाळी तिने वॅगटेलला दोन रुंद पट्ट्यांत घेऊन क्रेनने पाण्याबाहेर काढले. पोटाखाली पात्याचे टोक वीतभर बाहेर आलेले दिसत होते, दातात जीभ अडकावी तसे.

"वर घेताना जड गेलं होतं का रे?" टेसने विचारले.

"फेब्रुवारीत गेलं होतं. मला वाटलं, माझेच हात म्हातारे झाले."

"ते तर झालेच आहेत. पण सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस."

तिने आधी पात्याच्या टोकाखाली जॅक लावला आणि त्यावर लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे सुटलेच तर ठोकळ्यावर बसेल. तोवर दोघांपैकी कुणी हात आत घातला नाही. मग तिने पातळ पोलादी पट्टी घेतली आणि पाते नि खोबण यांच्या फटीतून ती सरकवत नेली. पुढे, बोल्टापाशी, पट्टी सहज फिरली. म्हणजे बोल्ट वाकलेला नव्हता. मागेही फिरली. म्हणजे दगड-शिंपला अडकलेला नव्हता. मधल्या पोटाशी मात्र ती थांबली. डावीकडे थांबली, तशीच उजवीकडे.

"दोन्ही बाजूंना सारखं," टेस म्हणाली. "पातं फुगलंय. जुनं बीड, आल्बी. आत गंज धरला की त्याचे पापुद्रे सुटतात. मागच्या वर्षी अशाच एका होडीचं पातं मी उतरवलं, तर हातात लोखंड कमी आणि भुसा जास्त आला."

"मग?"

"मग काय, तसं असेल तर नवं ओतून घ्यावं लागेल. दोन महिने."

आल्बीने टोपी काढली, आत बघितले, परत घातली.

दुपारभर ते दोघे खपले. कोमट पाण्यात साबण कालवून फटीत ओतला. करवतीचे जुने पाते फडक्यात धरून फटीतून वरखाली ओढले. टेस एका बाजूला, आल्बी दुसऱ्या. अडीच वाजता जॅक दोन बोटे खाली घेतला, आणि पाते आधी कुरकुरले, मग ठोकळ्यावर धप्पकन बसले. आल्बीचा जीव भांड्यात पडला. मग बोल्ट काढून त्यांनी ते अख्खे पाते बाहेर घेतले आणि कप्पीने उचलून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले.

टेसने पटाशी लावली. हातोडीच्या एका ठोक्यासरशी तळहाताएवढी खपली उडाली. ती उचलून बघते तो काय, खपलीच्या कडेला रंगच रंग. लाल, परत लाल, हिरवा, लाल, निळा, करडा, लाल. एकावर एक, केकच्या थरांसारखे. आणि खाली जे बीड उघडे पडले होते ते नव्या तव्यासारखे काळे, कोरे, तुळतुळीत.

टेसने ती कड अंगठ्याने चाचपली. मग तिने मापक लावून खपलीची जाडी घेतली.

"साडेतीन मिलीमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर सात. खोबणीत मुळात जागाच तेवढी सोडलेली असते." तिने आल्बीकडे पाहिले. "गंज नाही, आल्बी. रंग आहे. पातं रंगानं जाड झालंय."

आल्बीला कळायला एक क्षण लागला. आणि कळले तेव्हा काळजात चर्र झाले.

कारण होडीची वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती. पाण्यावरचे सगळे आल्बीचे: शिडे, डोलकाठी, चरखी, तार. पाण्याखालचे सगळे नोएलाचे. दर सप्टेंबरात टेसचा बाप होडी एक दिवस पट्ट्यांत उचलून द्यायचा. नोएला बटाट्याच्या पोत्यावर उताणी झोपून खाली सरकायची आणि पात्याला रंगाचा एक हात द्यायची. अडतीस सप्टेंबर झाले. धुवायची, हलका काचकागद मारायची, रंग द्यायची. खरवडायची कधी नाही. रंग सुटला तर खरवडतात. तिचा रंग कधी सुटलाच नव्हता. आणि आल्बीने दर दोन वर्षांनी तार बदलली, दरवर्षी चरखीला ग्रीस दिले, बोल्टाभोवतीची कडी तपासली, पण पात्याची जाडी मोजायचे त्याच्या कधी डोक्यात आले नाही. ते त्याच्या वाटणीत नव्हते.

"पातं चोख आहे," टेस म्हणाली. "उद्या खरवडून टाकते, गुरुवारी प्रायमर आणि पातळ एक हात, शुक्रवारी बसवू. तुझा शनिवार वाचला, बाबा. हसशील की नाही?"

आल्बीने खपली खिशात टाकली.

*

बुधवारी दिवसभर दोघांनी खरवडले. मंगळवारी रात्री आल्बीने 'टेस बघतेय' म्हणून वेळ मारून नेली होती; आज घरी जाताना त्याने रस्ताभर वाक्य जुळवले. बाईला सांगायचे काय? तुझ्या रंगानेच होडी अडवली? जायच्या आठवड्यात? अडतीस वर्षे पोत्यावर पडून केलेल्या कामाचे हे फळ? त्याने एक सोपी वाट काढली. लोखंडाला तोंड नसते, ते काही म्हणत नाही.

जेवायला तळलेला मासा आणि बटाटे होते. नोएलाने मीठ पुढे सरकवले.

"मग? काय निघालं?"

"गंज," आल्बी म्हणाला. "जुनं लोखंड. फुगलं होतं. पण टेस म्हणते, होईल नीट."

नोएलाचा काटा ताटावर थांबला.

"कुठं?"

"मध्ये. दोन्ही बाजूंना."

"रंगाखाली?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "हां. म्हणजे, रंगाखालीच."

"माझ्या रंगाखाली." तिने काटा खाली ठेवला. "म्हणजे पाणी आत जात होतं. मी वरून रंग देत होते आणि आत ते सडत होतं. किती वर्षं?"

"तसं नव्हे गं..."

"तसंच. गंज एका वर्षात फुगत नाही. मला शिकवू नकोस." ती उठली, जवळजवळ भरलेले ताट तिने सिंकपाशी नेले आणि पाठमोरीच उभी राहिली. "टेसला सांग, घाई करू नको. शनिवारचं राहू दे."

"अगं पण ती शुक्रवारपर्यंत देते म्हणालीय."

"मला नाही जायचं, आल्बी. असली होडी देऊन मी तुला अडतीस वर्षं पाण्यात पाठवत होते. दमले मी. झोपते."

आल्बी टेबलाशी बसून राहिला. तिला लागू नये म्हणून जे सांगितले, तेच तिच्या वर्मी बसले होते. रंग जास्त झाला असता तर ती फार तर हसली असती. रंग कच्चा निघाला, हे तिला सहन होण्यासारखे नव्हते. एवढी साधी गोष्ट, आणि चौपन्न वर्षांच्या संसारानंतर ती आपल्याला कळू नये! पण आता जाऊन खरे सांगावे, तर ती म्हणणार, माझी समजूत काढतोस. खोट्याने एकदा जागा घेतली की खऱ्याला बसायला पाट राहत नाही.

*

गुरुवारी तो उजाडल्याबरोबर यार्डात गेला. पाते घोड्यांवर स्वच्छ होऊन पडले होते. टेस नवी तार कापत होती. दहाच्या सुमारास शेजारणीची गाडी फाटकाशी थांबली आणि नोएला उतरली. एका हातात काठी, दुसरी मूठ बंद.

ती सावकाश चालत आली. मध्ये एकदा थांबून श्वास घेतला. आल्बी पुढे झाला तशी तिने काठीने त्याला जागीच थांबवले. मग मूठ उघडली. तळहातावर रंगाची खपली होती.

"धुवायच्या आधी मी विजारीचे खिसे बघते. हे तुला अजून माहीत नाही?"

आल्बीने स्वतःचा खिसा चाचपला.

"कड बघितली. थर माझे आहेत, ओळखले. मग पाठ बघितली." तिने खपली उलटी केली. "खाली गंज असता तर इथं तपकिरी भुकटी चिकटली असती. एक कण नाही. मग गंज कुठाय?"

"गंज?" टेसने तार खाली ठेवली. "कोण म्हणालं गंज?"

"मी," आल्बी म्हणाला.

टेसने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. "मी चहा टाकून येते."

"तू कुठंही जायचं नाहीस," नोएला म्हणाली. "साक्षीदार लागेल मला. दाखव ते पातं."

टेसने तिला हाताला धरून घोड्यांपाशी नेले. नोएलाने काठी टेकवून ठेवली आणि दोन्ही हात लोखंडावर ठेवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दळलेले पीठ बघावे तशी बोटे फिरवत गेली. कुठे खड्डा नव्हता, फोड नव्हता.

"हे नवं आहे?"

"तुझंच आहे," टेस म्हणाली. "सत्त्याहत्तर साली ओतलेलं. या साच्यातल्या आठ होड्या या पाण्यावर आल्या होत्या, बाबा सांगायचे. बाकी सातांची पाती मी किंवा बाबांनी भंगारात घातली. चाळीस वर्षांचं बीड असं मी आजवर पाहिलं नाही, नोएला. एका थरातून पाणी आत गेलेलं नाही."

"मग अडकलं कशानं?"

टेसने आल्बीकडे बघितले. हे तिच्या वाटणीचे नव्हते.

"रंग जास्त झाला," आल्बी म्हणाला. "दरवर्षी एक हात. साचत गेला. खोबणीत जागा उरली नाही."

"म्हणजे मीच अडकवलं."

"हो."

"आणि ते मला सांगायच्या ऐवजी तू गंज सांगितलास."

"हो."

"गाढवा," नोएला म्हणाली. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. आल्बी घाबरून पुढे झाला, पण ती हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, टेसने बादली उलटी करून नोएलाला त्यावर बसवले, तरी हसू थांबेना. "अडतीस वर्षं! अडतीस वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही, की बाई, बास कर?"

"मी कधी खाली आलोच नाही."

"एकदा आला होतास." तिने खपली उन्हात धरली. चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली. "हा निळा बघ. लाल मिळाला नव्हता त्या वर्षीचा. हा करडा, जनीनच्या लग्नाचा. तिच्या दाराला दिलेला उरला होता. आणि हा, हा लाल बघ. टेस, बघ. ब्रशाचे केस चिकटलेत. आई आजारी होती, मी आठ महिने तिकडे होते. तेव्हाचा साहेबांचा हात आहे हा."

टेसने वाकून पाहिले. "ओघळ पण आहे."

"असणारच. टँकर धुवावा तसा रंग दिला असेल."

आल्बी हसला नाही. तो पात्याच्या पलीकडे उभा होता. हात लोखंडावर.

"तू दिला नसतास तर ही होडी वीस वर्षांपूर्वीच गेली असती," तो म्हणाला. "मी वर बसून चरखीला ग्रीस देत होतो. मला वाटायचं, होडी मी सांभाळतोय."

"बरं मग?"

"मग काय. चांगलं केलंस. ते सांगायचं राहिलं होतं."

नोएलाने चष्मा खाली घेतला. खाडीवरून पेलिकनांची एक रांग गेली, त्या पक्ष्यांकडे ती बघत राहिली.

"शनिवारी भरती-ओहोटीचं बघायला नको, सरोवरात ती फारशी जाणवत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण वारा बघ. दक्षिणेचा असला तर परतताना ओले होऊ. आणि टेस, शेवटचा हात मी देणार."

"नोएला, तुला डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय," आल्बी म्हणाला.

"वाकायचं कशाला?" टेसने पाते जॅकने उचलून दोन्ही घोड्यांचे पाय वर घेतले, पाते कमरेइतके आले, आणि तिने बादलीवर एक गादी टाकली. "बसून दे."

नोएला त्या उंचीकडे बघत राहिली. "असं वर घेता येतं?"

"केव्हाही."

"आणि मी अडतीस वर्षं पोत्यावर उताणी पडून डोळ्यात रंग घेत होते! तुझा बाप कुठं गेला म्हणालीस? स्वर्गात? भेटू दे मला."

प्रायमर सुकल्यावर दुपारी तिने रंग दिला. डाव्या बाजूला, मग उजव्या. पातळ, एकसारखा, ब्रश नेहमी एकाच दिशेने. मध्ये दोनदा थांबून हात मांडीवर ठेवून बसली. आल्बीने डबा धरला होता. थेंब पडू न देता डबा धरणे हेही एक काम असते हे त्याला त्या दिवशी कळले. झाल्यावर तिने ब्रश टेसच्या हातात दिला. होडी आता टेसकडेच राहणार होती, ते त्यांचे आधीच ठरले होते.

"दरवर्षी खरवडायचं," नोएला म्हणाली. "मग द्यायचा. माझ्यासारखं करू नकोस."

"तुझ्यासारखंच करीन," टेस म्हणाली. "फक्त खरवडून."

*

शनिवारी वारा पूर्वेचा होता, हलका. धक्क्यापासून बाहेर पडल्यावर आल्बीने चरखीचा खटका काढला आणि फेरे मोजले. सहाव्याला त्याचा हात आपोआप थांबला. तार ताठ होती. बारा. अठरा. चोवीसला खालून एक मऊ ठोका आला, आणि वॅगटेलने पाण्यात पाय रोवल्यासारखे केले.

पुढचे सगळे नेहमीसारखेच झाले. दांड्यापाशी पाते वर घेतले, आणि होडी वाळूच्या अंगाशी कुजबुजत आत गेली. हंसांनी माना वर केल्या, खाली घातल्या. नाक वाळूत टेकले. नोएलाला उतरायला दरवर्षीपेक्षा वेळ लागला. आल्बी घोटाभर पाण्यात उभा राहून तिचे दोन्ही पाय एकेक करून धरत होता, आणि ती "अरे हळू, मी दुधाचा कॅन नाही" म्हणत होती. पण कोरड्या वाळूत पाय तिने तिचा तिनेच ठेवला. चहा झाला. स्कोन थोडे जळले होते.

परतताना दांडा ओलांडल्यावर, दोन पुरुष खोल पाण्यात आल्बीने नांगर टाकला.

"आता काय?" नोएलाने विचारले.

त्याने चरखी फिरवली, चोवीस फेरे, तळाला टेकणार नाही इतके पाणी आहे ना हे बघत. मग सदरा काढून तिच्या हातात दिला. बूट काढले.

"वेड लागलंय का तुला? एप्रिल आहे, हिवाळा तोंडावर आलाय."

"आलोच."

तो मागच्या शिडीवरून उतरला. थंडीने त्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो ईस्टरला शोभणारा नव्हता. मग त्याने नाक धरले आणि खाली गेला.

पाणी हिरवे होते आणि वरून ऊन तिरके आत येत होते. होडीचे पोट डोक्यावर सावलीसारखे. आणि त्या सावलीतून खाली, सरळ, ते पाते उतरले होते, लाल, पाण्यात पहिल्यांदाच त्याला अख्खे दिसणारे. उन्हाच्या जाळ्या त्यावरून सरकत होत्या. ज्या बाजूने तिने ब्रश नेला होता त्या बाजूने रंगाची बारीक रेघ जात होती, सुरुवातीपासून टोकापर्यंत, कुठे न तुटता. त्याने बोट पुढे केले, पण लावले नाही.

वर आला तेव्हा तो धापा टाकत होता. नोएला काठावर ओणवी झाली होती.

"ओघळ दिसतोय कुठं?"

आल्बीने मान हलवली. नाही.

"मग चढ की वर."

"थांब," तो म्हणाला. "उजवी बाजू राहिली."

त्याने श्वास भरून घेतला आणि पुन्हा खाली गेला. नोएला त्याचा सदरा मांडीवर घेऊन बसली. बाह्या आत दुमडल्या, कॉलर सरळ केली, आणि सदऱ्यावर हात ठेवून पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांकडे बघत राहिली.